हवालदारांनी नापास केलेली गाडी

वडूजच्या स्टँडसमोरच्या टपरीवर आकाराम हवालदार सकाळी आठला येऊन बसायचे, ते चहा प्यायला नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या नापास करायला. बावीस वर्षं फौजेत ड्रायव्हर. बर्फात चालवली, वाळूत चालवली, आसामच्या चिखलात चालवली. त्यामुळं डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्या कुणालाही ते ड्रायव्हर म्हणायला तयार नव्हते. एस.टी.वाल्याला ते 'दूधवाला' म्हणायचे, कारण तो दारोदार थांबतो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याकडं तर बघायचेसुद्धा नाहीत, नुसतं तोंड फिरवायचे. एकदा फुलांनी मढवलेली लग्नाची गाडी चालली होती, आत फेटा बांधलेला नवरदेव. हवालदार रस्त्यात आडवे आले, वाकून टायरवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "गोटा झालाय टायर. लगीन लावाय निघालाय का मयताला?" वऱ्हाडानं शिव्या घातल्या, बँडवाले हसले, पण नवरदेव उतरला तो उतरलाच. मंडपापर्यंत चालत गेला बिचारा.

एवढी ऐट कशाच्या जोरावर? तर घराच्या पुढच्या सोप्यात, देवांच्या फोटोंच्याही वर टांगलेल्या एका प्रशस्तिपत्राच्या. दोन हजार पाच साली मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन लागलं. साठ गाड्या ओळीनं उभ्या. साहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, हवालदारांच्या वन-टन ट्रकच्या खाली हात घालून चॅसीवरनं फिरवला, आणि रुमाल पांढराच निघाला! पहिला नंबर. वर दहा दिवसांची जादा सुट्टी. ही हकिकत ज्यानं ऐकली नाही असा माणूस खटाव तालुक्यात शोधूनही सापडला नसता. काहींनी तर ती बारशात, लग्नात आणि दहाव्यातही ऐकली होती. तेव्हापासून हवालदारांच्या खिशात कायम पांढरा रुमाल. कुणाची नवी गाडी आली, की पेढा हातात घेण्याआधी हे खाली वाकणार, रुमाल फिरवणार, आणि काळी घडी मालकाच्या तोंडासमोर धरणार.

त्यांचा भाचा वीरधवल, म्हणजे बहिणीचा, शालूबाईचा मुलगा. कृष्णाकाठी ऊस, घरात पाणी-पैसा सगळं बरं. पण रविवार उजाडला की या घराला घर खायला उठायचं. कधी कास, कधी ठोसेघर, कधी चांदोली. आई, बायको क्रांती, नऊ वर्षांची सृष्टी आणि भावाची दोन पोरं एका पांढऱ्या मोटारीत कोंबायची आणि निघायचं. चांदोलीच्या वाटेवर मोटार दोनदा पोटावर बसली, दोनदा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. मग वीरधवलनं ठरवलं, मिलिटरीतनं निघालेला ट्रक घ्यायचा. चारही चाकं ओढणारा, मागं बाकडी असलेला. शालूबाईंनी एकच अट घातली. "आकारामदादा व्हय म्हणंल तीच गाडी दारात येईल. त्येनं पास केली, तर मी डोळं झाकून पुढं बसंन."

म्हणून एका शनिवारी वीरधवल, क्रांती आणि सृष्टी वडूजला आले आणि मामांना घेऊन लोणंदला निघाले.

"मामा, मी तीन महिनं व्हिडिओ बघितल्यात," वीरधवल गाडी चालवता चालवता म्हणाला. "ग्राउंड क्लिअरन्स, टॉर्क, समदं बघितलंय."

"व्हिडिओ बघून पोहाया शिकलेलं किती जण बुडालं, त्येचा पण यक व्हिडिओ असंल, बघ," मामा म्हणाले. "आन् आधी क्लचवरचा पाय काढ. तिथं काय तुझं सासर हाय व्हय?"

क्रांती मागं बसून पदराआड हसली.

लोणंदच्या बाहेर, बाभळीच्या माळावर बिरदेवशेठचं यार्ड होतं. फौजेच्या लिलावातल्या गाड्या घ्यायच्या, रंग मारायचा आणि हौशी लोकांना विकायच्या, हा धंदा. शेठ स्वतः पानाफुलांच्या छापाची मिलिटरी विजार घालून, नाडी सुटलेले बूट फरफटत पुढं आले आणि हवालदारांना त्यांनी कडक सलाम ठोकला.

"कंच्या पलटणीत व्हता?" हवालदारांनी विचारलं.

"मी न्हवं. मेव्हणा व्हता."

"मग सलामबी त्येलाच करू द्या. तुमी हात खाली घ्या, माश्या उडाल्या."

अकरा गाड्या उभ्या होत्या. पहिलीला हात लावून शेठ म्हणाले, "ही कारगिलात व्हती, हवालदार."

"कारगिलात गेलेल्या म्हणून जेवढ्या गाड्या इकल्या गेल्यात ना शेठ, तेवढ्या तिथं उभ्या केल्या असत्या, तर लढाईला जागाच उरली नसती." रुमाल फिरला. काळाकुट्ट. नापास.

दुसरीचं बॉनेट उघडून हवालदारांनी नुसता वास घेतला आणि झाकण लावलं. तिसरी दिसायला देखणी. वीरधवल तिच्या पायरीवर चढून फोटो काढून घेऊ लागला. शेठ म्हणाले, ही पक्की फोर बाय फोर, हा बघा गिअरचा छोटा दांडा. हवालदार खाली वाकले, पुढच्या चाकांकडं नजर टाकली आणि वीरधवलला मानेला धरूनच खाली वाकवलं.

"काय दिसतंय?"

"काय न्हाई."

"तेच तर. पुढच्या चाकास्नी जोर न्हेणारा शाफ्टच काढून इकलाय ह्या गड्यानं. वर दांडा हलवायचा, खाली काय हलत न्हाई. देवळातली घंटा न्हाई, नुसती दोरी! ह्या गाडीत बसून चांदोलीला जा, आन् तिथंच घर बांध."

शेठ दुसरीकडं बघू लागले. क्रांतीनं घड्याळ बघितलं. "मामा, येखादी पास हुईल, का मी जाता जाता गाढव बघू?"

"गाढवाचंबी खूर बघावं लागत्यात, पोरी."

ओळीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली एक वन-टन उभी होती. निळा रंग, चकचकीत. हवालदार चालकाच्या बाजूनं आत चढले, सीटवर टेकले, आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. दाराच्या चौकटीला एक आकडा होता. तंबूची खुंटी वाकवून केलेला, चहाचा मग अडकवायला. हवालदारांची बोटं तिथंच थांबली. मग ते घाईनं उठले, सीटखालच्या अवजारपेटीचं झाकण उलटं केलं. झाकणाच्या आतल्या अंगाला, रंगाचा थर चढूनही दिसत होतं, स्क्रू-ड्रायव्हरनं कोरलेलं कुलदैवताचं नाव: सिद्धनाथ प्रसन्न.

"आरं!" हवालदार ओरडले. बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी ऐकला नसेल असा आवाज निघाला. "आरं वीरधवल! ही माजी हाय! हीच ती! रुमालवाली!"

मग काय विचारता. वीरधवलनं फोन काढून व्हिडिओ चालू केला. बिरदेवशेठची छाती विजारीपेक्षा फुगली. क्रांतीसुद्धा जवळ येऊन त्या अक्षरांवर हात फिरवून गेली. सृष्टी मागच्या बाकड्यावर चढली आणि जागा वाटू लागली. "मी इथं. दादा तिथं. पप्पा चालवणार. आन् आजी पुढं, डाव्या बाजूला, खिडकीपाशी!"

हवालदार गाडीभोवती फिरत होते आणि हकिकत सांगत होते. साठ गाड्या, मोठे साहेब, पांढरा रुमाल. शेठनं ऑफिसातनं नारळ आणला. असले नारळ ते डझनानं ठेवत. क्रांतीनं पर्समधल्या पुडीतलं हळदी-कुंकू बॉनेटला लावलं. ज्याच्या शब्दावर गाडी ठरली, त्यानंच नारळ फोडायचा, आणि फोडायचा पुढच्या डाव्या चाकापाशी, ही शेठच्या यार्डाची रीत.

हवालदार नारळ घेऊन चाकापाशी वाकले. हात वर गेला. आणि तसाच राहिला.

डावं चाक. पुढचं. त्याच्या वर, स्प्रिंगच्या पाट्याचा खुर जिथं चॅसीला अडकतो, ती जागा.

हकिकतीचा एक तुकडा हवालदारांनी कधीच कुणाला सांगितला नव्हता, आणि सांगायचा नाही म्हणता म्हणता स्वतःही विसरले होते. इन्स्पेक्शनला चार दिवस उरले असताना त्यांना त्या जागी चॅसीला तडा दिसला होता. केसाएवढा, पण बोटभर लांब. रिपोर्ट केला असता तर गाडी वर्कशॉपला गेली असती आणि ओळीत दुसऱ्याची उभी राहिली असती. इन्स्पेक्शन आलं की फौजेत दगडालासुद्धा चुना लागतो. हवालदारांनी तड्याला पुट्टी लावली. घासून गुळगुळीत केली, वर हिरव्या रंगाचे दोन हात दिले. इन्स्पेक्शन झालं की सांगू, असं ठरवलं होतं. पण नंबर आला, सुट्टी मिळाली, सुट्टीवरनं परतले तर बदलीचा हुकूम तयार. राहून गेलं.

"फोडा की, मामा!"

हवालदार उठले. नारळ बॉनेटवर ठेवला. "नगं. इंजिन गेलंय हिचं."

शेठनं किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं आणि घोरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं एका सुरात चालू राहिलं. काळा धूर नाही, खडखड नाही.

"ह्यात काय गेलंय, मामा?"

"गिअर… गिअर कडक हाईत."

वीरधवलनं आत बसून गाडी पुढं-मागं केली. गिअर लोण्यासारखे पडत होते.

"मगापासनं तर तुमचीच म्हणून नाचताय," क्रांती म्हणाली. तिची नजर सरळ होती. "आता काय झालं? का भाचा आपल्या गाडीत बसलेला बघवना?"

आजवर हवालदारांना असं कुणी बोललं नव्हतं. उत्तर जिभेवर होतं. असली हजार उत्तरं होती त्यांच्याकडं. ती गिळून ते वीरधवलला म्हणाले, "स्क्रू-ड्रायव्हर दे," आणि साठीचं अंग घेऊन पाठीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले.

खालनं आधी ठोकल्याचा आवाज आला. ठण्, ठण्, ठण्, आणि मग एकदम बद. परत ठोकलं. बद. मग खरवडल्याचा आवाज, बराच वेळ. निळा रंग निघाला, त्याखालचा हिरवा निघाला, आणि त्याखालनं वाळलेली पुट्टी खपली निघावी तशी सुटून हवालदारांच्या छातीवर पडली. इतकी गुळगुळीत, की मधल्या कुणाला, कुठल्याच कारागिराला संशयसुद्धा आला नव्हता. मागं तडा होता. आता तो केसाएवढा नव्हता, बोटभरही नव्हता. त्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आरपार गेलं.

"वीरधवल, खाली ये."

भाचा फोनवरचा व्हिडिओ चालूच ठेवून, पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता आडवा होऊन शेजारी सरकला. हवालदारांनी टोक तड्यात घालून दाखवलं. "घाटात पुढचं चाक खड्ड्यात आपटलं, की हा खुर निसटला. चाक वाकडं, गाडी दरीत. आन् ह्या चाकावर कोण बसणार, तुज्या पोरीनं आत्ताच सांगितलं."

वीरधवलनं तड्यात स्वतःचं नख घालून बघितलं. मग तो बाहेर तोंड काढून शेठवर ओरडला, "काय रं शेठ! पुट्टी भरून गाडी इकतूस? माणसं मारतूस?"

"आईशप्पत, मला म्हाईत न्हाई! आमी नुसता रंग मारतू!"

"त्येनं न्हाई भरली," हवालदार गाडीखालूनच म्हणाले.

"मग कुणी भरली?"

शेठच्या माथी मारून मोकळं व्हायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती, आणि शेठवर कुणीही विश्वास ठेवला नसता. सोप्यातलं प्रशस्तिपत्र सोप्यातच राहिलं असतं.

"मी," ते म्हणाले. "इन्स्पेक्शनच्या आधी. त्येचंच बक्षीस मिळालं."

ते बाहेर आले. हात पुसायला सवयीनं खिशातला रुमाल काढला आणि पुसला. पुट्टीची पांढरी भुकटी पांढऱ्या रुमालावर. रुमाल पांढराच राहिला.

बिरदेवशेठनं सुटलेल्या नाड्यांकडं बघितलं, मग हवालदारांकडं. सकाळपासून ऐकून घेतलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. "आमी रंग मारतू ते पोटापायी, हवालदार. गिऱ्हाइकालाबी म्हाईत असतंय, रंग हाय म्हणून. तुमी कशापायी मारला?"

हवालदारांनी मान खाली घातली. पाठीला गवत आणि गंज चिकटला होता, तो कुणी झटकला नाही. "शेठ, ही कुणाला इकू नगा," एवढंच म्हणाले. "तोडायला घाला."

"आता व्हिडिओत समद्यास्नी दिसंलच," शेठ म्हणाले आणि बॉनेटवरचा नारळ परत ऑफिसात घेऊन गेले.

परतीची वाट धरली. वाठार गेलं, कोरेगाव गेलं. वीरधवल रागानं गाडी चालवत होता. सृष्टीला झोप लागली होती. हवालदार खिडकीतनं बघत होते. समोरनं चार-पाच एस.टी. गेल्या, एक उसाचा ट्रॅक्टर गेला, एकालाही त्यांनी नापास केलं नाही. पुसेगावला चहाला थांबले. चहा आला, गार झाला.

क्रांतीनं कप खाली ठेवला. "कऱ्हाडच्या पुढं आनखी यक यार्ड हाय म्हणत्यात, मामा. पुढच्या शनिवारी जायाचं. सकाळी सातला तयार ऱ्हावा."

"मी?" हवालदार म्हणाले. "मला कशाला? दुसरं कुणी जाणकार बघा."

"जाणकार लय मिळत्याल. पण पुट्टी कुठं-कुठं भरत्यात ते पोटातनं म्हाईत असलेला माणूस आमच्याकडं दुसरा कोण हाय? आन् हो," ती उठता उठता म्हणाली, "रुमाल आणू नगा. हातोडी आणा."

वीरधवलला हसू फुटलं. त्यानं ते चहात लपवलं. हवालदारांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. गाडीत बसले, दार ओढून घेतलं. पुसेगावचा चौक मागं पडेपर्यंत त्यांची नजर वीरधवलच्या पायांवर होती.

मग म्हणाले, "क्लचवरचा पाय, वीरधवल."