डाव्या गालातला चट्टा

सोफामामा चाळीस वर्षं सोफे-खुर्च्या मढवत आले. कापड ताणून धरताना दोन्ही हात अडकलेले, म्हणून बारीक खिळे डाव्या गालात भरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवत ओठांत आणायचा. गिऱ्हाइकाने काही विचारलं की उत्तर मामी द्यायच्या. "त्यांचं तोंड कामात आहे," म्हणायच्या.

दाढ ठणकली म्हणून ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. दाढ बघून झाल्यावरही त्यांनी जीभ, टाळू, गाल सगळं पाहिलं आणि डाव्या गालापाशी थांबल्या. नखाएवढा पांढरा चट्टा. कडेला लाली.

"दुखतो?"

"कळलंसुद्धा नाही."

"तंबाखू?"

"कधीच नाही. खिळे घासतात तिथं."

"असेलही. दोन आठवडे तोंडात खिळा नको. चट्टा गेला तर प्रश्न मिटला. राहिला, तर तुकडा काढून तपासू. कॅन्सर नाही ना, तेवढं बघायला."

मामांनी खिळे वाटीत काढले. प्रत्येक खिळ्यासाठी वाकायचं; दिवसात एक खुर्ची होईना. मामी रोज सकाळी टॉर्च लावून गाल बघायच्या. "कमी वाटतोय," म्हणायच्या. मामा आरशाकडे जात नसत.

पंधराव्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले, तर चट्टा होता तेवढाच होता. डॉक्टर काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "खोटं कशाला सांगू? खिळे सुटले नाहीत. ही स्वयंपाकाला गेली की घ्यायचो. तेव्हा हे दोन आठवडे धरू नका."

"म्हणजे वाटी मला दाखवायला होती?" मामी म्हणाल्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "कुठल्या गालात घ्यायचात?"

"उजव्या. डाव्याला आराम म्हणून..." मामांचं वाक्य तिथंच अडलं.

डॉक्टरांनी उजवा गाल पाहिला. स्वच्छ होता. डाव्यात पंधरा दिवस काहीही घासलं नव्हतं, तरी चट्टा जागचा हलला नव्हता.

"तुकडा आजच काढू," त्या म्हणाल्या. "काही निघालंच, तर आत्ता निघालेलं बरं. अजून लहान आहे."

इंजेक्शन भरेपर्यंत मामी पिशवीचा बंद पिळत उभ्या होत्या. "मुलीचा फोन येईल. काय सांगू?"

"दाढ काढली म्हण."

"अजून किती लपवायचं हो?"

मामा खुर्चीत मागे टेकले. "मग खरं सांग," म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.