माणसांचं मुसकं

“शिंकरा, बाबू.”

पहिल्याच दिवशी तिनं माझ्यापुढे एक पांढरं फडकं धरलं आणि हे सांगितलं. मी चोवीस वर्षांचा, गिट्टी मशीनवर नवा लागलेला हजेरी कारकून. पायात बूट, खिशाला पेन. चाळिशीची एक मजूर बाई आपल्याला चारचौघांत नाक शिंकरायला सांगते आहे, हे आधी माझ्या डोक्यातच शिरेना.

“काहून?” मी विचारलं.

“पाहू तं द्या. तुमी टिनाखाली बसता, पन धूळ काय हजेरी देऊन येते?”

बाया हसल्या. मी रागारागानं नाक शिंकरलं, फडक्याकडे पाहिलं आणि गारच पडलो. राखेसारखा काळपट चिखल होता त्यावर. सकाळपासून मी दगडाला हातही लावला नव्हता.

“हे निंगालं ते,” ती म्हणाली. “आत राह्यलं ते कोन पाहाते?”

दुष्काळ नुकताच सरला होता आणि सडकेची कामं जोरात होती. वाशिम जिल्हा तेव्हा व्हायचा होता. आम्ही अकोल्यात मोडायचो. अनसिंगच्या पलीकडच्या माळावर ठेकेदाराची दगड फोडायची मशीन दिवसभर धडधडे. बाया टोपल्यांनी तिच्या जबड्यात दगड टाकत आणि जबड्यातून धुळीचा लोट उठे. दहा वाजेपर्यंत सगळे चेहरे एकसारखे करडे होत. हजेरी घेताना मी माणसं आवाजावरून ओळखायला शिकलो.

तिचा नवरा दगडावरच काम करून खोकत गेला होता. दवाखान्याच्या कागदावर ‘टीबी’ लिहिलं होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती भाकर मोडता मोडता म्हणाली, “टीबीचे पेशंट मी वस्तीत पाह्यले. त्याईच्या थुकीत रगत असते. मायाच हातानं धुतली मी याची फडकी. याच्या थुकीत दगड होता, बाबू.”

 एवढं बोलून ती चटणी पुढे सरकवून जेवू लागली.

नवरा गेला तेव्हापासून ती धूळ अडवायच्या मागे लागली होती. पदर सगळ्याच बाया बांधत. पण धूळ पदरातून सरळ आत जाई. तिनं ओलं फडकं बांधून पाहिलं. दुपारपर्यंत त्याचा चिखल होऊन वाळला आणि जीव गुदमरला. मग दोन पदरांच्या मधे पिंजलेला कापूस घातला. तो श्वासाबरोबर तोंडाला चिकटे. एक दिवस तिनं कुंपणावरचं वाळलेलं घोसाळं तोडलं, आतल्या जाळीची वाटी कापली आणि ती कापडाखाली बसवली. चिकटणं थांबलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी फट राहत होती. तिथं सायकलचा स्पोक वाकवून शिवला.

प्रत्येक नमुना ती स्वतः बांधून मशीनच्या तोंडाशी उभी राही. संध्याकाळी माझ्या टेबलासमोर येऊन फडक्यात शिंकरे आणि पोरांनी पाटी दाखवावी तसं ते फडकं मला दाखवी. “कमी हाय,” ती म्हणे, “पन हाय.” तुम्ही-आम्ही कमी आहे म्हटल्यावर खूश झालो असतो. तिला ते ‘पन हाय’ झोपू देत नसे. चार महिने तिनं असे काढले.

कुणीतरी त्याला मुसकं म्हणालं आणि तेच नाव पडलं. मळणीत बैलानं दाणे खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ते. पुरुष चिडले. “आमी का बैल हाव?”

“बैलाले मालक बांधते,” ती म्हणाली. “त्याले आपले दाने वाचवाचे असते. हे तुमी आपल्या हातानं बांधा. काय वाचवाचं ते तुमीच पाहा.”

पण खरी अडचण कुणी बोलत नव्हतं. ती बौद्ध वस्तीतली. तिच्या हातचं कापड थेट तोंडाला लागणार होतं. एक धिप्पाड घनवाला शेवटी बोललाच, “तुया हातचं मी तोंडाले लावू?” धुळीनं त्याचे डोळे लाल झाले होते, बोलताना दोनदा खोकला. जीव गेला तरी चालेल, पण हे नको?  तिनं पुढे केलेला हात शांतपणे मागे घेतला.

दुसऱ्याचं कशाला सांगू? तिनं मला दिलेलं मुसकं मी घरी नेऊन गरम पाण्यात दोनदा धुतलं होतं. दोनदा का, ते मला विचारू नका. तिनं ते पाहिल्याबरोबर ओळखलं. “धुतलं वाटते. बरं केलं. पन धुतल्यावर आतला कापूस बदलाव लागते.” एवढंच म्हणाली आणि नवा कापूस भरून दिला.

उन्हाळ्यापर्यंत चाळीसेक लोकांच्या तोंडावर मुसकी आली. मग एका सकाळी ठेकेदारानं मला बोलावलं. वरचे साहेब पाहणीला येणार होते.

“हे सारे मुसके गोळा कर,” तो म्हणाला. “साहेब पाहीन तं म्हनन, इथं मानसं मरून राह्यले काय?”

मी गोणी घेऊन निघालो. नाही म्हणालो नाही. रांगेत एकेकानं मुसकं सोडून गोणीत टाकलं. तिनंही टाकलं. मला वाटलं होतं, ती गोणी कपाटात जाईल. ठेकेदारानं ती डांबराच्या भट्टीत रिकामी केली. कापूस भक्कन पेटला.  मशीन चालू होती, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं.

ती कधी शेजारी आली कळलं नाही. “बाबू, तुमचं बी टाकलं काय?”

माझं मुसकं टेबलाच्या खणात होतं. सगळ्यांची मी मागून घेतली होती आणि माझं ठेवलं होतं. मी खणाकडे बोट दाखवलं. आता ही माझ्या तोंडावर थुंकणार, असं वाटलं.

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. “बरं झालं बापा. एक तं राह्यलं. तेच्यावरून कापता येते.”

साहेब जीपनं आले, दहा मिनिटं थांबले आणि तेवढा वेळ नाकाला रुमाल लावून होते. ते गेल्यावर कोण तोंडाला काय बांधतं याच्याशी ठेकेदाराला काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझं मुसकं उसवलं आणि कोळशानं जुन्या वर्तमानपत्रांवर त्याचे आकार काढले. बायांनी ते घरी नेले, घरच्या कापडाची मुसकी घरीच शिवली. घनवाल्याला ती म्हणाली, “आता माया हातचं नाई. तुया बायकोच्या हातचं हाय.” त्यानं मान फिरवली. शेवटपर्यंत बांधलं नाही. दोन वर्षांनी तो खोकत गेला. बातमी आली तेव्हा ती हातातलं काम टाकून दगडावर बसली. “मले बोलताच नाई आलं त्याच्याशी,” म्हणाली. तिला बोलता आलं नाही म्हणे!

तिलाही तेव्हा टोपली उचलवत नव्हती. मी तिला वाशिमला नेलं. तरुण डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरला. “हे आताचं नाही,” तो म्हणाला, “दहा-बारा वर्षांपासूनचं आहे. यांना अकोल्याला न्या.”

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

“मले मालूम व्हतं,” ती म्हणाली. “माया नवऱ्यासारखाच खोकला हाय मले. तो गेला तवाच समजलं.”

“मग हे सगळं?” मी विचारलं. “मुसकं तुमच्या काय कामाचं होतं?”

“मायासाठी कायले करन मी?” तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

अकोल्याहून ती परत आली नाही. नवव्या दिवशी तिच्या भावानं येऊन सांगितलं. त्या दिवशीही मशीन चालूच होती.

तिला शेवटचं पाहिलं ते वाशिमच्या स्टेशनवर. ती भावाच्या आधारानं बाकावर बसली होती. समोर मालगाडीच्या डब्यातून हमाल सिमेंटची पोती उतरवत होते, पापण्यांपर्यंत पांढरे झालेले. गाडीची घंटा झाली. ती उठली ती गाडीकडे नाही, त्यांच्याकडे गेली. एका हमालाला थांबवलं, अंगठा त्याच्या नाकावर ठेवला आणि बोटं कानापर्यंत ताणली. तो पाठीवर पोतं घेऊन थिजल्यासारखा उभा राहिला.

“चेहरा रुंद हाय,” ती धापा टाकत मला म्हणाली. “याले मोठं लागन.”

भावानं तिला डब्यात चढवलं. गाडी निघून गेली तरी तो हमाल तिथंच उभा होता आणि त्याच्या पांढऱ्या गालावर तिच्या बोटांच्या रेघा होत्या.