देवाची गोळी

नगरमध्ये नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण आमच्या घराण्यातल्या कुठल्या बाईची पाळी कधी यावी, हे माझी आत्या बसल्या जागी ठरवते. सत्यनारायण असो, गोंधळ असो की कुणाचं लग्न, कार्यालय ठरायच्या आधी ती घरातल्या बायकांच्या तारखा विचारून घेते. आडवी येणारी तारीख सापडली की तिच्या पर्समधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं पाकीट निघतं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तिच्याकडे चिठ्ठी मागत नाही. ती पायरी चढली की तो पंचांग न बघता ओळखतो, सण जवळ आला. “देवाच्या कामात अडचन नको गं. घे गोळी, हो मोकळी,” म्हणत ती गोळी अशी हातावर ठेवते की तीर्थ घेतल्यासारखा हात डोक्यावरून फिरवावासा वाटतो. माझ्या लग्नात मीही ती घेतली. मांडवात मला मळमळत होतं आणि आत्या पाहुण्यांना सांगत होती, “पोरीला माहेर सुटायचं दुख हाय.”

देव प्रसन्न झाला की नाही ते देव जाणे, आमच्या बायकांच्या गालांवर वांगाचे काळपट डाग मात्र उठले. गोळी देणारीही आत्या आणि उतारा देणारीही आत्याच. तिच्या घरी दोन सहाणा आहेत: एकीवर देवाचं चंदन, दुसरीवर आमचं जायफळ. दुधात उगाळलेलं ते जायफळ थापून आम्ही दुपारी भिंतीला टेकून ओळीने बसायचो, हसायचीही चोरी. तरी डाग जाईनात, तेव्हा दोष उन्हाला, पित्ताला, मोबाईलच्या उजेडाला आणि एकदा तर अकोले तालुक्यातून आलेल्या नव्या तांदळालाही मिळाला. तिच्या स्वतःच्या गालांवर तर दोन्हीकडे गडद पट्टे आहेत. पण त्यांना वांग म्हणायची कुणाची टाप नाही. ती म्हणे देवीच्या दिव्याची धग!

तिची सून वैशाली नागापूरला एमआयडीसीत नोकरी करते, स्कूटरवरून भर उन्हात जाते-येते. गेल्या वर्षी सत्यनारायण, गौरी, नवरात्र असं करत तिच्या पोटात इतक्या गोळ्या गेल्या की दिवाळीपर्यंत चेहरा काळवंडला. पोर ऑफिसातही तोंडावरचा स्कार्फ काढीना. शेवटी मी तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत्या आलीच, तिच्याशिवाय आमच्याकडे कुणी आजारीसुद्धा पडत नाही. बाईंनी आधी गोळ्यांचंच विचारलं. मग समजावलं की बाईच्या शरीरातली हॉर्मोन्स कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींना चेतवू शकतात, म्हणून गरोदरपणातही वांग येतो. या गोळ्यांत तसलंच हॉर्मोन, आणि वर हे ऊन.

“डाक्टरीनबाई,” आत्या म्हणाली, “तुमी लई शिकलेल्या हाय, पर देवाच्या गोळीला नावं ठेवू नका.”

बाई हसल्या नाहीत. आत्याच्या गालांकडे बघत त्यांनी विचारलं, “तुम्ही किती वर्षं घेतल्या?” आत्याने पदर पुढे ओढला आणि चपला शोधायला लागली.

यंदा घट बसायच्या आधी पाकीट पुन्हा निघालं, तेव्हा वैशाली म्हणाली, “आई, मी नाही घेणार. तोंड माझं आहे. पाळी आली तर येऊ द्या.” आत्याने अबोला धरला. सून नमते की सासू, एवढाच प्रश्न घरात उरला. चौथ्या माळेला वैशालीला पाळी आली आणि ती मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन बसली. मी तेव्हा तिथेच होते. आत्या झेंडूची माळ घेऊन घटासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने हाक मारली, “वैशाली, ये भाईर. माळ बांध. माजा हात पुरत न्हाई.”

हात चांगला पुरत होता. सकाळीच तिने माळ्यावरून पितळी परात काढली होती. वैशाली बिचकत आली. आत्याच्या तोंडाकडे दोनदा बघून तिने माळ बांधली. आत्या तिच्या गालांकडे बघत होती. मला म्हणाली, अगदी हळू, “सासूबाईंनी पैली गोळी हातावर ठेवली तवा मी नवी नवरी हुते. न्हाई म्हनता येतं, हे मला ठावंच न्हवतं गं.”

एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते. पण मला फार वाईट वाटलं. मी तिचा हात धरला, आणि कधी नव्हे ते तिने तो धरू दिला.