बांगडीतली पिन

लॅपटॉपवर एकाआड एक रेघ काळी दिसत होती. वीस मीटरच्या चौकोनात वीस रेघा, त्यातल्या दहा काळ्या. जमिनीखाली असे काही नसते. चूक मशीनची नाहीतर माझी.

शेत उत्तर आयर्लंडच्या काउंटी अँट्रिममधल्या डेक्लन यांचे. त्यात एक राथ आहे, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे घर. भोवती गोल खंदक आणि मातीचा बांध. त्याला हात लावायला बंदी आहे. डेक्लनना बांधाबाहेर पंचवीस मीटरवर गोठ्यातल्या शेणामुताची टाकी बांधायची होती. खाली काही नाही असा माझा रिपोर्ट गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी खोदायला डिगर येणार होता.

मी मॅग्नेटोमीटर घेऊन रेघेरेघेने चालते. जमीन पूर्वी कधी खणली असेल तर तिथले चुंबकत्व किंचित बदलते, ते हे मशीन टिपते. म्हणून अंगावर लोखंड चालत नाही. पँटला इलॅस्टिक, बूट रबराचे. सोने चालते, म्हणून बांगडी तशीच ठेवली होती. आणि बांगडीत, आईकडून आलेल्या सवयीने, सेफ्टी पिन, पोलादाची. जाताना आणि येताना तिची बाजू उलटत होती, म्हणून एकाआड एक रेघ काळी.

माझी बॉस फियोना हिला फोन करून खरे ते सांगितले. ती हसली नाही.

"फिल्टर लाव. पट्टे जातील. पाचला रिपोर्ट दे."

फिल्टर प्रत्येक रेघेची सरासरी वजा करतो. पट्टे जातातच. पण मी ज्या दिशेने चालले त्याच दिशेने खाली काही लांब गेले असेल, तर तेही जाते. हे मी तिला समजावले.

"आहे असं वाटतंय तुला?"

"माहीत नाही. म्हणूनच सही करणार नाही."

पुन्हा मोजायला तिने पाचपर्यंतच वेळ दिला. दीड वाजला होता.

डेक्लन फाटकाशी उभे होते. जुनी टाकी काठोकाठ भरली होती. "तुझ्या मोजणीसाठी माझ्या गाभण गाई मी दोनदा हलवल्या. तुला एक पिन हलवता आली नाही?"

पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि या वेळी आडव्या दिशेने चालले.

पावणेपाचला स्क्रीनवर एक फिकट पट्टा आला. दीड मीटर रुंद, राथकडून निघून नव्या टाकीच्या कोपऱ्याखाली जाणारा. पहिल्या डेटाला फिल्टर लावून पाहिला. चौकोन अगदी स्वच्छ.

डिगर थांबवला. दोन दिवसांनी परवानगी काढून आम्ही हातानेच छोटा खड्डा घेतला. सत्तर सेंटिमीटरवर सपाट दगड लागले. फटीतून टेप सोडला, तो आणखी दीड मीटर खाली जाऊन टेकला. धाड आली की लपायला त्या काळी अशी दगडी भुयारे बांधत. डिगर तेरा टनांचा होता.

डेक्लननी गुडघे टेकून फटीत पाहिले.

"डिगरवर मीच बसणार होतो," ते म्हणाले.

टाकी अठरा मीटर सरकवून बांधली. हल्ली डेटा स्वच्छ दिसला, की तो कोणी स्वच्छ केला हे मी आधी विचारते.