अडीच खेटे

माझा आजार मला स्वतःलाच खरा वाटत नव्हता. डॉक्टरांनी त्याला ॲटिपिकल डिप्रेशन म्हटलं होतं. दिवसदिवस झोपायचे, उठले की चपात्यांची चळत संपवायचे आणि हातपाय ओल्या पोत्यासारखे जड. पण घरी कुणी आलं की मनापासून खदखदून हसायचे. ‘खायला काळ आणि भुईला भार’ ही म्हण सासूबाईंनी जणू माझ्यासाठीच राखली होती. “हळदी-कुंकवात खिदळतीस, मग सकाळी उठाय काय हुतंय गं?” त्या विचारत. हे सोंगच असेल, या भीतीने मी पोखरून निघाले होते.

माघातल्या दर रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरापर्यंत अनवाणी चालत जाणं, म्हणजे खेटे घालणं. मी पाच खेट्यांचा नवस बोलले आणि देवाच्या भरवशावर गुपचूप गोळ्या सोडल्या. सोंग असेल तर डोंगरावर सुटेल, म्हटलं. देवाची परीक्षा घेण्याचा आगाऊपणा माझाच.

दोन खेटे ‘चांगभलं’च्या जोशात झाले. तिसऱ्या रविवारी अर्ध्या वाटेवर बसले, ती उठताच येईना. “नाटकं पुरे की,” म्हणून सोबत चालणाऱ्या जाऊबाई पुढे गेल्या. आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे, हा विचार इतक्या शांतपणे मनात आला की मी घाबरले. “जोतिबा, आता तूच बघ,” एवढंच पुटपुटले.

तेवढ्यात एक म्हातारी म्हैस घेऊन आली. “काय झालं वो, पावणं?” एवढ्यानेच मला रडू फुटलं. सगळं सांगितलं, हसण्याचंसुद्धा.

तिने म्हशीकडे बोट दाखवलं. “हिच्या खुरात जखम हाय. पेंडीची पाटी दिसली की पळत सुटती. म्हणून जखम न्हाय व्हय? औषध सोडलं की चिघळतंय. तू का सोडलंस?”

तिने मला नवऱ्याला फोन लावायला लावला आणि तो येईपर्यंत ती माझ्याजवळून हलली नाही. मनात काय आलं होतं तेही मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

अजूनही काही सकाळी उठवत नाही. तेव्हा “आज खूर दुखतंय,” एवढंच सांगते. परवा सासूबाईंनी गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी आणून ठेवला. माझे पाच खेटे काही पुरे झाले नाहीत. जोतिबा अडीचवरच पावला.