उणे अठराची जाकिटं

मी शाळेत भूगोल शिकवतो. हिमरेषा, हिमनदी, हिमवादळ, सगळं गेली वीस वर्षं फळ्यावर खडूनं काढत आलोय. प्रत्यक्षात मला सगळ्यात जास्त हुडहुडी भरली होती ती दातांच्या डॉक्टरांच्या एसीत, आणि तिथंही बायकोनं ओढणी दिली म्हणून निभावलं. असल्या माणसानं कुटुंबाच्या गरम कपड्यांची जबाबदारी अंगावर घेऊ नये. मी घेतली.

बायकोला सरकारी नोकरीतली प्रवासाची सवलत मिळाली होती, त्यात हिमाचलपर्यंतचं जाणं-येणं बसत होतं. मुलगी आठवीत. तिला बर्फ नुसता बघायचा नव्हता, पायाला त्या लांब पट्ट्या बांधून त्यावरून घसरायचं होतं. तिकिटं निघाली आणि मग लक्षात आलं, की आमच्या घरात गरम म्हणण्यासारखं काही असेल तर ती एक कानटोपी आणि इस्त्री करताना खाली घालायची घोंगडी.

रत्नागिरीत रेनकोट मागा, दुकानदार दहा तऱ्हा काढून समोर पसरेल. स्वेटर मागितला तर तो आधी विचारतो, "बाळासाठी की म्हाताऱ्या माणसासाठी?" मधल्या वयाच्या माणसाला इथं थंडी वाजत नाही असा समज आहे, आणि तो बरोबर आहे. बायकोनं फोनवर बर्फातल्या कपड्यांच्या किमती पाहिल्या आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तिकडे भाड्यानं मिळतात म्हणे," ती म्हणाली. "ऑफिसातल्या बाई जाऊन आल्यात."

"कुणाकुणाच्या घामाचे कपडे मी माझ्या मुलीच्या अंगावर घालू देणार नाही," मी बाणेदारपणे म्हणालो.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो. शाळेपासूनचा माझा एक मित्र एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यात शीतगृहावर सुपरवायझर आहे. कोळंबी, माकूल, सुरमई तिथं गोठवून परदेशी जाते. आत उणे अठरा. कामगार आत जातात ते बोटभर जाडीची, गडद निळी जाकिटं घालून. पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. मनालीच्या वर उणे पाच, आणि आपल्या गावात, आपल्या मित्राच्या ताब्यात, उणे अठराची जाकिटं खुंटीला टांगलेली. भूगोलाचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मित्राला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जुना आजार. मागच्या साली त्यानं एका नातेवाइकाला असंच एक जाकीट दिलं. ते बोटीवरून समुद्रात गेलं आणि याला नोटीस मिळाली.

"तीन देतो," तो म्हणाला. "पण सोमवारी सकाळी आठाच्या आत खुंटीवर हवीत. खरेदीदाराचा माणूस यायचा हाय, तो नंबर वाचून वाचून बघतो. एक जरी कमी भरलं ना, दुसरी नोटीस. दुसरी नोटीस म्हणजे घरी. मग काय तुझ्या शाळेत घंटा द्यायला येऊ, मास्तर?"

"सोमवारी साडेसातला," मी म्हणालो.

"आणि वास मारील हां."

त्यावर मी त्याच्याबरोबर शीतगृहात शिरलो. दार उघडताच थंडीनं फाडकन थोबाडीत मारली, डोळ्यांतलं पाणी गालावर कडक झालं. तशाही अवस्थेत मी एका जाकिटाच्या बाहीला नाक लावलं. वास नाही. बाहेर येऊन दात वाजवत मी त्याला समजावलं, की थंडीत वास मरतो, म्हणून बर्फावर वासाचा प्रश्नच येत नाही. घरी बायको म्हणाली, निदान एकदा धुऊन काढते. तिलाही हेच शास्त्र ऐकवलं. मुलीनं जाकीट घातलं, ते तिच्या गुडघ्यांखाली आलं. आरशात बघून ती म्हणाली, "बाबा, मी बांगडा झालेय."

रेल्वेत दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हानं डबा तापला आणि माझ्या शास्त्राला पहिला तडा गेला. जाकिटांची पिशवी बाकाखाली होती. समोरच्या बाकावरचा एक धिप्पाड गृहस्थ आधी स्वतःचे मोजे हुंगून बसला, मग शेजाऱ्याचे. शेवटी खाली वाकून त्यानं आमची पिशवी ओढली आणि विचारलं, "इसमें कौन मरा है?"

मी म्हणालो, "गरम कपडे है."

त्यानं पिशवी उचलून सरळ दरवाज्याकडे चालायला सुरुवात केली. ती गाडीबाहेर फेकणार म्हणून मी मागून त्याच्या पाठीवर झेप घेतली. झेप हा माझा शब्द. बायकोच्या मते मी त्याच्या पाठीला लोंबकळलो. त्यानं मला भिंतीवर दोनदा आपटलं, पिशवी संडासाजवळ टाकली आणि डब्याचं दार ओढून घेतलं, त्यात माझी दोन बोटं होती. नखं निळी झाली, जाकिटांच्या रंगाला जुळतील अशी. दिल्लीपर्यंत मी पिशवीवर बसून, बोटं तोंडात घालून प्रवास केला.

मनालीहून वर जाताना रस्त्याच्या कडेला कपडे भाड्यानं देणारी दुकानं लागतात, ओळीनं. लाल, पिवळे, हिरवे झगमगीत सूट टांगलेले. आमच्या जीपवाल्यानं सवयीनं गाडी थांबवली. "साब, कपड़े यहाँ से ले लो." एका सुटाचं भाडं विचारलं तर आमच्या रेल्वेतल्या तीन थाळ्यांहून कमी. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची गाठ सोडली.

जाकिटं ऊबदार होती, हे मी आजही छातीठोक सांगेन. फार ऊबदार होती. वर स्वच्छ ऊन, आत आम्ही, आणि मधल्या कापसात चार-पाच वर्षांची गोठलेली मासळी. पाऊण तासात ती जागी झाली. शिकवणाऱ्या माणसानं माझ्या पायाला पट्ट्या बांधल्या, हातात दोन काठ्या दिल्या, आणि तोंड फिरवून श्वास घेऊन आला. मग म्हणाला, गुडघे वाकवा. मी वाकवले. उतार होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं. समोच्च रेषा मी मुलांना शिकवतो, पण कागदावर पाय घसरत नाही.

खाली एक नवं जोडपं फोटो काढून घेत होतं. नवऱ्यानं बायकोला दोन्ही हातांवर उचललं होतं. मी त्याच्या पोटरीत शिरलो. तिघंही पडलो, त्याच्या बायकोचं कपाळ माझ्या काठीवर आपटलं आणि बर्फावर रक्ताचे चार थेंब पडले. तो उठला. त्यानं माझीच काठी घेऊन मला पालथ्याला झोडपायला सुरुवात केली. जाकीट जाड, मला फारसं लागत नव्हतं. पण गादी झोडपल्यावर धूळ उडते तसा दर तडाख्याला जाकिटातून कोळंबीचा भपका उडत होता. सहाव्या-सातव्या तडाख्याला मॅगीच्या टपरीमागे झोपलेली तीन कुत्री उठून उभी राहिली.

ती पहाडी कुत्री. वासराएवढी, मानेवर आयाळ असल्यासारखे केस. मला वाटलं ती माझ्याकडे येणार. ती मला ओलांडून मुलीकडे गेली. मुलगी लहानखुरी होती आणि तिच्या बाहीतून हात बाहेर येत नव्हते, नुसत्या रिकाम्या बाह्या लोंबत होत्या. पहिल्या कुत्र्यानं बाही धरली आणि झटका दिला. मुलगी तोंडावर आपटली. दुसऱ्यानं पाठ धरली. दोन्ही कुत्री तिला बर्फावरून ओढत नेत होती, आणि तिच्या तोंडात बर्फ गेल्यामुळं तिला ओरडताही येत नव्हतं.

मी तिच्यापासून वीस पावलांवर होतो. मी उठलो आणि धावलो. पायाला पट्ट्या होत्या. एक पाऊल वर टाकलं की दोन पावलं मागं घसरत होतो. मी जोर करून करून तिच्यापासून लांब जात होतो. हे सांगताना मी नेहमी हसवतो लोकांना, आणि लोक हसतात. त्या क्षणाचं मला अजून स्वप्न पडतं.

बायकोनं पट्ट्या बांधल्याच नव्हत्या. ती आली. तिच्या हातात कुणाची तरी लोखंडी टोकाची काठी होती. घरी झुरळ दिसलं तर मला हाक मारणारी बाई ती. पहिला घाव तिनं कुत्र्याच्या नाकावर घातला, दुसरा डोळ्याशेजारी, आणि मग मोजायचं कारण राहिलं नाही. तिसरं कुत्रं केकाटत पळालं. दुसऱ्याच्या जबड्यातून लाळ आणि रक्त गळत होतं, तरी ते पाठ सोडेना, तेव्हा तिनं काठी टाकून त्याच्या बरगडीत लाथ घातली. पहिल्यानं तेवढ्यात खांद्यापासून बाही उपटली आणि ती घेऊन ते देवदारांकडे सुटलं.

पट्ट्या सोडून मी एकदाचा मुलीपाशी पोचलो आणि तिचा हात उघडा करून बघितला. दातांचे निळे वळ होते, कातडी फुटली नव्हती. बोटभर कापसानं तिचा हात वाचवला होता. मी मान वर केली तर बायको दिसेना. ती गुडघाभर बर्फातून त्या कुत्र्यामागं धावत होती. झाडाखाली तिनं त्याला गाठलं, बाहीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांची ओढाताण सुरू झाली. बाई गुरगुरत होती की कुत्रं, ते लांबून कळत नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात बाही होती. "भावोजींची नोकरी आहे यात," ती धापा टाकत म्हणाली. मग बाही मुलीकडे दिली आणि माझ्या कानाखाली मारली. पूर्ण हातानं. तिनं बरोबर केलं.

खाली दवाखान्यात डॉक्टरांनी जखम नसतानाही कुत्र्याची इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्या दिवशी मुलगी भाड्याच्या पिवळ्या सुटात पुन्हा वर गेली आणि चारदा न पडता खाली आली. आम्ही दोघं जीपमध्ये बसून बघत होतो. जीपवाला बाहेर उभा होता.

येताना रेल्वेत बायकोनं बाही शिवली. मित्राचे तीन फोन आले. "सगळं ठीक ना?" "ठीक." "जाकिटं आणतोयस ना?" "आणतोय." एवढंच. प्रवासात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण भ्याडपणा तो एवढाच. त्याला दोन दिवस आधी कळलं असतं तर त्यानं काही तरी जुळवाजुळव केली असती.

सोमवारी साडेसातला मी कारखान्याच्या फाटकाशी हजर झालो. तो मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला. दोन जाकिटं बघून त्यानं मान डोलावली. तिसरं उलगडलं. खांद्यावरून लाल दोऱ्याचे टाके गेले होते, बायकोकडे तोच रंग होता. बाहीला दातांची भोकं.

"कुत्र्यानं," मी म्हणालो.

"कधी?"

"बुधवारी."

"आणि काल मला ठीक म्हणून सांगितलंस."

मी हसलो. का हसलो ते मला माहीत नाही, घाबरलो की मी हसतो. त्यानं उजव्या हाताची मूठ माझ्या तोंडात घातली. तोंडावर नाही, मी हसत होतो म्हणून तोंडात. मी टाकीवर आपटून खाली बसलो. मग एक लाथ मांडीवर बसली. तिसऱ्यांदा तो वाकला आणि मधेच थांबून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मधल्या दोन बोटांची पेरं उकलली होती, रक्त मनगटावरून वाहत होतं.

"मेल्या," तो अगदी हळू म्हणाला, "ही बाही मशीनमध्ये गेलेली दिसते."

मला काही कळेना. त्यानं बाही तोंडात धरून माझ्या बायकोचे टाके दातांनी उसवले, एकेक करून लाल दोरे थुंकले. मग ते जाकीट अंगात घातलं, फाटक्या खांद्यावर आपला रक्ताचा हात दाबून पुसला आणि बाकीची दोन बगलेत मारून आत गेला. आत बर्फाच्या लाद्या फोडायचं यंत्र आहे. ते किती धोक्याचं आहे हे त्यानं साहेबांना दोन वेळा लिहून दिलेलं मला माहीत होतं.

मी समोरच्या टपरीवर रुमाल तोंडात धरून बसलो. शाळेत येत नाही म्हणून कळवलं. आठ वाजले, नऊ वाजले. एक पांढरी गाडी आत गेली. या दोन तासांत मी त्याच्या घरच्यांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो, आणि जुळलेलं प्रत्येक वाक्य "ठीक"सारखंच खोटं वाटत होतं.

साडेनवाला तो बाहेर आला, हाताला कारखान्याची पट्टी.

"नंबर भरले," तो म्हणाला. "खरेदीदाराच्या माणसानं मशीन बंद करायला लावलं. जाळी बसवल्याशिवाय सुरू करायचं नाय म्हणाला. साहेबांनी मला दोन दिवस सुट्टी दिली." मग पट्टी नीट करत, "माझ्याकडं बघताना साहेबांची मान खाली होती. मला तेवढंच आवडलं नाय."

त्याला स्कूटरची मूठ धरवेना, म्हणून मी चालवली. ओळखीच्या डॉक्टरांनी त्याच्या हाताची पट्टी सोडली, चिमट्यानं पेरातून एक पांढरा कण काढला आणि स्टीलच्या ताटलीत ठेवला. मग माझ्या तोंडात बॅटरी मारली. पुन्हा ताटलीकडे पाहिलं. दोघांना एकेक इंजेक्शन दिलं, त्याला चार टाके घातले आणि कागदावर लिहिलं, यंत्रामुळे झालेली इजा.

परत येताना तो मागं बसून शिव्या देत होता, मारुती मंदिराच्या चौकापासून त्याच्या घरच्या वळणापर्यंत, एकही शिवी दुसऱ्यांदा न वापरता. मधेच त्यानं डाव्या हातानं माझ्या टाळक्यात मारली. गाडी हलली. मी ती सावरली आणि वेग कमी केला, म्हणजे त्याला दुसरी नीट मारता येईल.