अमावस्येला घाटावर मासिक विकायला बसवलं

मी चौथी शिकलेला. पण छापखान्यात जन्मभर खिळे जुळवले. उलटी अक्षरं मी सुलट्यांपेक्षा लवकर वाचतो. रैन बसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, शिकवायला येणाऱ्या मास्तरीणबाईंनी ठरवलं, की रस्त्यावर राहणाऱ्यांच्या गोष्टींचं आठ पानी हिंदी मासिक काढायचं आणि त्यांनीच ते विकायचं. मी म्हटलं, छपाई मी बघतो. कुठे विकायचं तेही मीच सांगितलं : नर्मदेचा ग्वारीघाट, अमावस्येला. गर्दीच गर्दी.

पहिली विकणारी एक बाई. नवरा वारल्यावर नागपूरकडून इकडे आली आणि घाटावरच राहिली. पायऱ्यांवर मागणाऱ्यांची रांग बसते, तीत ज्याची त्याची जागा ठरलेली. एकदा उठलं की गेली. ती माझ्या शब्दावर उठली. त्याच दिवशी तिथं दुसरी येऊन बसली.

अमावस्येला मी तिला वरच्या पायरीवर फडकं अंथरून दिलं. "उन्हात उभी काहून राहतेस? बस." ती बसली. लोक आंघोळ करून वर येत, अंकांवर नाणं टाकत, मूठभर तांदूळ टाकत, पुढे जात. अंक कोणी उचलेना. तिनं एका बाईपुढे धरला, तर ती मागे सरकली. "नहीं अम्मा, दान देके कुछ लेते नहीं."

मी लहानपणापासून नर्मदेवर जातोय. ज्याला दान दिलं त्याच्या हातून मीही कधी काही घेतलं नाही. आणि हे मला आधी सुचलं नाही.

दुपारी तिनं अंकांवरचे तांदूळ झटकले. "बाबूजी, हे तर मी रोजच करत होती. मग माझी जागा काहून सोडायला लावली?"

चूक झाली म्हणणं माझ्या फार जिवावर येतं. मी म्हटलं, "लोक शिकतील. उद्या परत बस." मास्तरीणबाई म्हणाल्या, घाट सोडू या. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्याही नाही. रांगेत पाहिलं, धर्मशाळेच्या ओट्यावर पाहिलं. जागा गेली, धंदाही नाही. आता ही बाई खाणार काय? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी मास्तरीणबाईंनीच सांगितलं, "कोर्टकचेरीच्या फाटकावर जाऊन बघा."

ती तिथं होती. उभी. पायांत चपला, हातावर अंकांची चळत. तारखेला आलेल्या लोकांना सांगत होती, "पुकार होने तक पढ़ लो भैया, आठ ही पन्ने हैं." एकानं नोट दिली आणि तसाच निघाला. तिनं त्याची बाहीच धरली.

"किताब लो, नहीं तो नोट वापस लो."

"अरे रख लो अम्मा."

"काहे रख लूँ? माँगा है क्या?"

पुटपुटत त्यानं अंक घेतला, आणि तिथंच उभा राहून शेवटच्या पानापासून वाचायला लागला.

मी पुढे झालो. "घाटावर का नाही आलीस?"

"तुमच्या घाटावर तुम्हीच बसा बाबूजी. इथं बघा, लोक सकाळपासून नुसते बसून राहिले."

"माझं चुकलं," मी म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं. मग खिशात हात घातला. "एक दे."

"छापला तर तुम्हीच ना?"

"छापला. विकत कुठे घेतला?"

तिनं अंक दिला, पैसे कमरेला खोचले. "चलो, आता बाजूला सरका. गिऱ्हाईक येऊन राहिलं."

मी सरकलो.